साहेबांनी माझी ओळख करून दिली

"आणि ही आपली इथलीच मुलगी," केंद्रप्रमुख साहेब माईकवर म्हणाले. "पलीकडच्या भिल्लवस्तीतली. मासे हिच्या रक्तातच आहेत. हिला शिकवायची गरजच नाही."

हॉलमध्ये हशा पिकला. टाळ्याही पडल्या.

नव्या शास्त्रज्ञांच्या स्वागताचा कार्यक्रम होता. राहुरीच्या पुढं, धरणाच्या फुगवट्याला लागून आमचं संशोधन केंद्र आहे. आम्ही तिघं नवे. माझ्याआधी दोघांची ओळख झाली. एक पुण्याचे, एक संगमनेरचे. दोघांच्या नावामागं डॉक्टर लावलं. कुठं शिकले, कशावर काम केलं, सगळं सांगून झालं. मग शाल, नारळ आणि बोलायला माईक.

मीही डॉक्टर आहे. खाडीत मासे अंडी कुठं घालतात यावर माझा प्रबंध आहे. त्यासाठी कोकणात कित्येक वर्षं चिखल तुडवला, भरती-ओहोटी बघून जेवले. मासे रक्तात असते तर एवढं कशाला केलं असतं? साहेबांना हे माहीत नव्हतं असं नाही. माझी मुलाखत त्यांनीच घेतली होती.

घरच्यांनाही बोलावलं होतं. त्या दोघांचे आईवडील पुढच्या खुर्च्यांवर होते. माझी आई नवी साडी नेसून आली होती, तिला कुणीतरी मागं चहाच्या टेबलाजवळ, भांडी घासणाऱ्या बायकांत बसवलं. मुद्दाम बसवलं असंही नसेल. तिला बघितलं आणि हात आपोआप तिकडं दाखवला गेला. मला तेच जास्त लागलं.

शाल मलाही मिळाली. मी माईकसाठी हात पुढं केला, तर साहेब म्हणाले, "भाषण नको. तुमच्यातलं एखादं गाणं होऊन जाऊ दे. लग्नातलं वगैरे." आणि जाता जाता समोरच्यांना सांगूनही टाकलं, की बोट आणि प्रयोगशाळा हे दोघं बघतील, मी वस्त्यांवर जाऊन लोकांशी संपर्क ठेवीन. माझी नेमणूक माशांवर संशोधन करायला झाली होती. ते काम त्यांनी हसत हसत काढून घेतलं.

गाणी मला येतात. मावशीच्या हळदीला घसा बसेपर्यंत गायलेय. त्याची मला लाज नाही. पण ती आमच्या मांडवातली गाणी, आमच्या आनंदाची. यांच्या जेवणाआधीच्या करमणुकीची नाहीत.

मागून आईचा आवाज आला. "म्हन की बाई एखादं. सायेब म्हनत्यात."

घाबरली होती ती. माझं प्रोबेशन चालू आहे, ते संपेपर्यंत नोकरी पक्की नाही, हे मीच तिला समजावलं होतं.

भीती मलाही वाटत होती, खोटं कशाला सांगू. शाळेत दर पंधरा ऑगस्टला बाकीची पोरं भाषणं करायची आणि मला डोक्याला पिसं बांधून नाचवायचे. मी नाचायचे. मास्तर पाठ थोपटायचे, मला आनंद व्हायचा. तो आनंद आठवला आणि शिसारी आली.

मी साहेबांच्या हातातून माईक घेतला.

"मी गाणार नाही. या दोघांना तुम्ही गायला सांगितलं नाही. मी इथं मत्स्यशास्त्रज्ञ म्हणून रुजू झालेय. बोटीवरचं आणि प्रयोगशाळेतलं माझं काम मीच करणार. ते काय आहे, ते आता सांगते."

सांगायला लागले तर माईक बंद. कुणी केला, दिसलं नाही. मी आवाज चढवला. साहेब उठून जेवणाकडं निघाले. त्यांच्यामागं निम्मा हॉल. संगमनेरचे तेवढे मान खाली घालून बसून राहिले. मी माझं सगळं सांगून संपवलं, मगच खाली उतरले.

घरी आल्यावर आई म्हणाली, "लई शानी झालीस. नोकरी गेली मंजी?" मी म्हटलं, गेली तर गेली. ती जेवली नाही. तिची भीती मला कळते. 'व्हय सायेब, व्हय सायेब' करत तिनं आम्हाला वाढवलं. पण ते 'व्हय' मी पुढं चालवणार नाही.

सोमवारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. बसा म्हणाले नाहीत. सगळ्या स्टाफसमोर माफी मागायची, नाहीतर प्रोबेशनवर कसला शेरा मारायचा ते त्यांच्या हातात आहे, असं ऐकवलं. मी खुर्ची ओढून बसले.

"मारा शेरा, साहेब. पण कारण खरं लिहा. गाणं म्हटलं नाही, असं लिहा. तो शेरा घेऊन कुठं जायचं ते मला माहीत आहे."

त्यांनी अजून काही लिहिलेलं नाही. माझी नोकरीही पक्की केलेली नाही. बोट मागितली की दुरुस्तीला आहे म्हणतात. मी रोज मागते. वस्तीसंपर्काचं काम घेतलेलं नाही, घेणार नाही. माफी मागितलेली नाही, मागणार नाही. मला काढायचंच असेल, तर त्यांना एक शास्त्रज्ञ काढावी लागेल.