आखाजीचं सहावं पान

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, रविवार. सकाळी दहालाच ऊन डोक्यावर. वारा बिलकूल नाही. पार्क सव्वाअकराला फुल्ल.

रोज हवामान लिहायला म्हणून डायरी उघडतो आणि खाली एखादा किस्सा येऊन बसतोच! जळगाव-धुळे हायवेवरच्या या करमणूक पार्कात मी परताव्याच्या खिडकीत बसतो. जेवणाचे पैसे लोक घरूनच ऑनलाइन भरतात, प्रवेशाचं तिकीट मात्र इथं येऊन. पार्क भरलं की गेट बंद. बाहेर राहिलेल्यांना थाळीचे पैसे परत करायचे, हे माझं काम. आज एका अक्कांच्या नवऱ्याचं पान अडकलं, म्हणून हे सगळं एकदा सलग लिहितो.

*

मागच्या उन्हाळ्यात दीपनगरचे एक गृहस्थ आले. बायको-मुलं आत गेली आणि नेमकं यांच्यावर गेट बंद! माणूस खूश. म्हणाले, "माझ्या थाळीचे पैसे द्या आणि आत कोणाला कळवू नका. वर्षात पहिल्यांदा निवांत झोपतो!"

दिवसभर माझ्या खिडकीसमोरच्या निंबाखाली घोरत होते. संध्याकाळी बायको बाहेर आली आणि तडकली.

"जेवून उठलात ते कुठं गायब झालात? आणि रस चार वाट्या? शुगर आहे ना तुम्हाला!"

गृहस्थ माझ्याकडं बघायला लागले. मी त्यांची सही असलेली परताव्याची पावती काढून दाखवली. बाईंनी ती दोनदा वाचली. मग सगळे गुपचूप गाडीत बसले.

*

गेटवर माणसं मोजणारा फिरता दांडा आहे. एक माणूस आत, एक आकडा पुढं. एका दुपारी गेट बंद असताना दांडा आपला आपण फिरला. आकडा एकनं वाढला. मग परत. असं सात वेळा!

मॅनेजर म्हणाले, "हवेनं फिरत असेल."

आमचा वॉचमन घामानं भिजलेला शर्ट पिळत म्हणाला, "साहेब, हवा असती तर माझी ही गत झाली असती का?"

*

आखाजीला आम्ही खास थाळी ठेवतो. खापरावरचे मांडे, आमरस, कुरडई. आता आखाजीला आपल्याकडं पितरांचं पान वाढल्याशिवाय कोणी जेवत नाही. पण ऑनलाइन बुकिंगची सोय बनवणाऱ्यानं हे काही धरलेलं नव्हतं!

यावलच्या एका कुटुंबाचं बुकिंग माझ्या शेजारच्या तिकीट खिडकीतल्या सुनीलनं उघडलं. माणसं पाच, जेवणं सहा.

"सहावं कोण? त्यांचं प्रवेशाचं तिकीट लागेल."

घरधनी शांतपणे म्हणाले, "आमचे आजोबा. त्यांना तिकीट कशाला? ते कधीचेच आत गेलेत."

*

आता आजचं.

नरडाण्याजवळच्या खेड्यातल्या अक्का. बरोबर मुलगा गोकुळ, सून, दोन नातवंडं. जेवणं सहा. सहावं अक्कांच्या नवऱ्याचं. भादव्यात गेले. हे पार्क बघायचं म्हणून वर्षभर हट्ट धरला होता, ते राहून गेलं. म्हणून गोकुळनं त्यांचं पहिलं पान इथंच वाढायचं ठरवलं होतं. आणि गेट बंद!

मी म्हटलं, "अक्का, सहाही थाळ्यांचे पैसे देतो."

"पैसा नको माले. गोकुळना बापनी पहिली आखाजी शे. पान वाढा!"

मॅनेजरना विचारलं. जेवण गेटबाहेर द्यायचं नाही, असा नियम. अक्का खिडकीसमोरून हलेनात. दुपार कलायच्या आत पान वाढायला हवं, एवढंच म्हणत राहिल्या. शेवटी मॅनेजर म्हणाले, "तुम्ही परतावा करून टाका."

मी सहा आकडा टाकला. कॉम्प्युटरनं पाचच घेतले. सहाव्यासमोर आलं, 'जेवण झालं, १२.४०'.

हॉलच्या दारात फोनवरचं कूपन दाखवल्याशिवाय जेवण मिळत नाही. फोन तर गोकुळच्या हातात, माझ्यासमोर.

मी आचारी हिरामणनानांना फोन लावला. फोन स्पीकरवर होता.

"नाना, बारा चाळीसला एकटं कोणी जेवलं का?"

"हो, ते म्हातारबाबा! पांढरी टोपी. बोलले काही नाहीत. आत्ताच हात धुवायला गेले."

सून रडायला लागली. गोकुळनं खिडकीची कड धरली. अक्का मात्र पुढं वाकल्या आणि फोनमध्ये म्हणाल्या, "किती मांडा खादात?"

"तीन, अक्का. तिसरा मागून घेतला."

अक्का सरळ झाल्या.

"गोकुळना बाप नही मंग तो. तो दोनच खाये!"

 नानांनी कोणालाही न विचारता दुसरं पान वाढलं आणि स्वतः गेटबाहेर आणलं. १.२५ ला ते अक्कांच्या हातात दिलं. पानावर दोन मांडे होते. पाच जेवणांचे पैसे १.४० ला गोकुळच्या खात्यावर परत गेले. सहाव्याचे गेले नाहीत.