छपरी म्हणणं सोपं होतं

बसथांब्यावर कॉलेजच्या पोरींभोवती मोटारसायकली फिरवणाऱ्या टोळक्याविरुद्ध आम्ही मोहीम उघडली, तेव्हा मी एक रील टाकली. वर लाल अक्षरांत लिहिलं, ‘या छपरींना आवरा!’ पत्रकं वाटून पाय मोडले तरी ढुंकून न बघणाऱ्या लोकांनी ती तासाभरात झरीपासून सेलूपर्यंत फिरवली. मी खूश. दर दोन मिनिटांनी आकडा बघायचो.

मोहिमेचा खरा जीव होती आमच्यातली बी.ए.ची एक मुलगी. पोरी तिच्या शब्दावर सह्या द्यायच्या, माझ्या नाही. सोमवारी पोलिसांत अर्ज द्यायचा, आणि शनिवारपासून ती फोन उचलेना. मला बसवेना, जेववेना. रविवारी तिचं घर गाठलं.

“छपरी म्हंजे कोन, म्हाईत हाय का भाऊ?” तिनं दारातच विचारलं.

“तसलेच की. केस रंगवलेले, गॉगलवाले, फुकटची मस्ती.”

“छप्पर शाकारनारे, आमची जात. आमचा आजा लोकाची घरं शाकारायचा. शाळंत आमाला हेच म्हनून चिडवायचे. आता तुमी चिडवायलाव, लाल अक्षरात.”

मी वाद घातला. सवयच ती. म्हटलं, शब्द आता तसा राहिला नाही, मोबाईलवर सगळेच म्हणतात, कुणाच्या मनात जात नसते.

“मनात नसंल, तोंडात हाय ना? आन ती पोरं बागायतदाराची. रस्ता आमचाच आडवायचा, आन शिवी बी आमालाच?”

मी रील तिथंच काढून टाकली.

“गुपचूप काढू नका. चुकलं ते बी लिवा.”

तेही लिहिलं. मग अर्ज पुढे केला, तर त्यातही तोच शब्द. तिनं त्यावर काट मारली आणि तिथं चार गाड्यांचे नंबर लिहिले, पाठ असल्यासारखे. खाली सही केली आणि कागद, पेन माझ्याकडे सरकवले.

चौथी गाडी माझ्या चुलतभावाची. काकाचं आणि आमचं अंगण एकच. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी पत्रकात ‘गुंडगिरी’, रीलमध्ये ‘छपरी’. नाव कुठंच नाही. आणि मी म्हणे बेधडक!

“घाबरलाव का भाऊ?”

“हो.”

तिनं पेन परत घेतला नाही. मी सही केली. अक्षर वाकडं आलं.