पवईची मरळ

बाबांनी जन्मभर समुद्रात जाळी टाकली. होडी विकल्यावर ते वेसाव्याहून माझ्याकडे मुलुंडला राहायला आले, तेव्हा मला पवईच्या तलावावर गळ टाकायचा नाद लागला होता.

"तलावाचा पास काढून, टोपी घालून मासे मारायचे, आणि मिळतं काय? बोटाएवढं!" ते हसायचे.

मला राग यायचा, पण त्यांचं खोटं नव्हतं. मी जिग वापरत होते, म्हणजे शिशाच्या डोक्याचा गळ आणि त्याला केसांचा झुपका. त्याला आमिष लावत नाहीत, आपल्या हातानंच तो जिवंत वाटायला लावायचा असतो. मी तो टाकून भराभर रीळ फिरवायचे, आणि मागे धावणारी चिल्लीपिल्ली तेवढी लागायची. मोठा मासा एवढा धावत नाही. तो जलपर्णीच्या कडेला तळाशी पडून राहतो आणि वरून अलगद आलेला घास उचलतो. हे डोक्यात शिरायला मला अख्खा हिवाळा लागला.

एका रविवारी सकाळी बाबा म्हणाले, "चल, बघू तुझी गंमत."

काठावर पोचलो आणि समोर जलपर्णीपाशी पाणी हललं. श्वास घ्यायला वर आलेली मरळ! पाठ चांगली जाड होती. मी जिग तिच्या पलीकडे टाकला, हळूच जवळ आणला आणि बुडू दिला. तळ लागला. काठीचं टोक वीतभर उचललं, परत खाली सोडलं. पुन्हा उचललं, पुन्हा सोडलं.

"झोपलीस काय गो?" बाबा मागून म्हणाले.

जिग खाली जात होता आणि माझी नजर दोऱ्यावर होती. तळ लागायच्या आधीच दोरा सैल पडला. कोणीतरी वाटेतच घास घेतला होता! मी दोन्ही हातांनी काठी जोरात मागे खेचली. मरळीचा जबडा कडक, तिथे लाजून चालत नाही.

काठी वाकली. मरळ सरळ जलपर्णीकडे पळाली. आत शिरली असती तर दोरा गुंतून सगळंच संपलं असतं. मी काठी आडवी केली आणि तिला बाजूला ओढत राहिले. हात भरून आले, चप्पल चिखलात रुतली.

"ढील दे! ढील दे!" बाबा ओरडले.

"नाही देणार! आत जाईल ती!"

ती वळली. एकदा वर उसळली, आणि तिचं ते काळं, रुंद डोकं दिसताच बाबा हातजाळी घेऊन गुडघाभर पाण्यात उतरले. मरळ काठाशी येताच त्यांनी एका झटक्यात तिला खालून उचललं. माझ्या हाताएवढी लांब होती, खांद्यापासून बोटांपर्यंत.

आम्ही दोघंही धापा टाकत होतो. बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"मी असतो तर ढील दिली असती," ते म्हणाले. "आणि गेली असती."

रिक्षात त्यांनी पिशवी मला धरू दिली नाही. सोसायटीच्या गेटवर वॉचमननं नुसतं "काय आणलं काका?" विचारलं, तर त्यांनी मरळ बाहेर काढून त्याच्यासमोर उंच धरली.

"माझ्या पोरीनं मारली! एकटीनं!"

मग लिफ्ट सोडून जिन्यानं निघाले. प्रत्येक मजल्यावर कोणाचं ना कोणाचं दार उघडं होतंच.