वजनावर घेतलेली सायकल

आधी बाईंचं सांगतो, मग माझं. कारण मी माझं सांगायला लागलो की स्वतःला हळूच हुशार करून टाकतो आणि बाई मागं राहतात. वेस्ट मांबलममध्ये ज्यांच्या घरामागच्या खोलीत मी भाड्यानं राहतो, त्या बाई. तंजावरकडच्या मराठी. मुलींच्या शाळेत तीस वर्षं कवायत शिकवून निवृत्त झालेल्या. अख्खी गल्ली त्यांना ‘टीचर’ म्हणते. मी एकटाच ‘बाई’ म्हणतो, आणि म्हणताना माझे पाय आपोआप जुळतात. आज माझ्याकडं जी सायकल आहे आणि त्या सायकलीमुळं जी नोकरी राहिली, ती बाईंमुळं. मी त्यात फक्त चुका पुरवल्या.

मी नववीतून शाळा सोडली. आमच्या खानापूर तालुक्यातली पोरं गलाईच्या धंद्यात परमुलखात जातात, तसा मीही मद्रासला आलो. गलाई म्हणजे सोनारांकडची मोड घ्यायची, त्यांच्या दुकानातल्या झाडलोटीची धूळसुद्धा घ्यायची, ती मुशीत वितळवायची, तेजाबात घालून सोनं वेगळं करायचं आणि लगड करून परत द्यायची. जॉर्ज टाउनातल्या एका बोळात मी अशा भट्टीपुढं एकोणीस वर्षं बसलो. तमिळ शिकलो तीही सोनारांपुरती. आणि हाताला एक सवय लागली. कुठलीही वस्तू उचलली की तळहात आधी वजन बघतो. पितळेवर कितीही सोन्याचं पाणी चढवा, हातात घेतलं की कळतं. हलकं असेल तर परत करायचं. माझं सगळं शिक्षण एवढंच.

पहिली काही वर्षं भट्टीच्या माळ्यावरच झोपायचो. पुढं तेजाबाच्या धुराचा खोकला लागला, डॉक्टर म्हणाले, काम करा पण धुरात झोपू नका, म्हणून बाईंची खोली घेतली. मांबलम स्टेशनवर गाडीत बसलं की थेट जॉर्ज टाउनजवळ उतरायचं. बरं चाललं होतं.

मग बोळातल्या लोकांनी धुराची तक्रार केली आणि शेठनी भट्टी हलवली. वेळचेरीच्या पुढं, दलदलीच्या कडेला एक पत्र्याची शेड. तिकडं गाडी जात नव्हती, पहिली बस पोचायची सातला, आणि भट्टी पेटायला हवी सहाला. आदल्या दिवशी गोळा केलेली मोड बाजार उघडायच्या आत शुद्ध होऊन सोनाराच्या हातात पडली नाही, तर सोनार दुसऱ्या गलाईवाल्याकडं जातो.

शेठ आमच्याच गावाकडचे. म्हणाले, “एक तारखेला सहाला भट्टी पेटलेली दिसली पायजे. पोचत नसशील तर मी तिथं ऱ्हाणारा माणूस बघतो. तू गावाला जा. आराम कर जरा.”

तो ‘आराम’ मला परवडणारा नव्हता. गावाकडं बायको, दोन पोरं, आणि मी मद्रासला मोठा शेठ झालोय अशी सगळ्यांची समजूत. ती समजूत मीच दर दिवाळीला नवा शर्ट घालून पक्की करत आलो होतो. आराम करायला गेलो असतो तर आठवड्यात उघडा पडलो असतो. आणि शेडवर राहायचं म्हणजे परत धुरात झोपायचं. महिना संपायला बारा दिवस होते.

बाई अंगणात कढीपत्ता खुडत होत्या. मी सगळं सांगितलं. आधी खोकला, मग शेठ, मग खोकला परत. बाईंनी हात वर केला. शाळेत मुलींना थांबवायला करत असतील तसा.

“सायकल येते कीं तुला?”

“यायची, बाई.”

“यायची म्हणजे काय? ती काय माहेरास गेली?”

“नववीपर्यंत शाळेला सायकलवर जायचो. शाळा सोडली, सायकल भावाकडं गेली.”

“शाळा सोडलास म्हणून सायकलही सोडलास! बरें केलास. मोठा हिशोबी तूं.” बाईंची मराठी जुन्या कागदपत्रांतली वाटायची आणि तिला चाल तमिळ. त्या रागावल्या की कौतुक करतायत, हे मला आधी पाच मिनिटं कळायचं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी स्वतःची लेडीज सायकल बाहेर काढली. गुडघ्यांमुळं त्यांनी ती चालवणं सोडलं होतं, पण तेलपाणी चुकत नव्हतं. मी बसलो. लोक म्हणतात सायकल विसरत नाही. माझं डोकं विसरलं नव्हतं, गुडघे साफ विसरले होते. हँडल डावीकडं जायचं, मी उजवीकडं. समोरच्या घरातल्या मामी दारात कोलम काढत होत्या. त्यांची पांढरी रांगोळी निम्मी झाली होती, उरलेली निम्मी मी चाकांनी पूर्ण केली. मामी पिठाची वाटी घेऊन उठल्या आणि माझ्या सात पिढ्यांची चौकशी केली. बाई मागून ओरडल्या, “पुढें बघ रे! चाकाकडे काय बघतोस, तें कोठें पळत नाही!”

आठ दिवसांत मला सरळ जाता यायला लागलं. वळायलाही जरा जरा. आता सायकल घ्यायची. वेळचेरीनंतरचा रस्ता म्हणजे खड्डे, चिखल आणि मध्ये मध्ये म्हशी. त्या दिवसांत जाड दातांच्या टायरांच्या, गिअरवाल्या डोंगरी सायकली नव्यानंच दुकानांत दिसायला लागल्या होत्या. दुकानाबाहेर एक चित्र लावलेलं: डोंगराच्या टोकावर एक गडी सायकल डोक्यावर धरून उभा. त्या चित्रापुढं मी बराच वेळ उभा राहिलो. मद्रासमध्ये डोंगर म्हणावा असा एक परंगीमलै, आणि तिथं मी एकोणीस वर्षांत एकदाही गेलो नव्हतो.

बाई म्हणाल्या, “रविवारीं मी येतें संगत. एकटा जाऊं नको.”

मी शनिवारीच गेलो. एकटा. का, ते सांगायला आजही लाज वाटते. चौतीस वर्षांचा माणूस, टीचरला बरोबर घेऊन दुकानात गेलो तर दुकानदार काय म्हणेल? आणि दुसरं म्हणजे, शाळेतलं मला काही येत नसलं तरी धातूतलं येतं, हे बाईंना एकदा दाखवायचं होतं.

दुकानात माझ्या ऐपतीतल्या चार सायकली निघाल्या. मी कामाला लागलो. प्रत्येक सायकल उचलून तळहातावर तोलली. नळीवर नखानं टिचकी मारून कान लावला. एका ठिकाणी, रंगाखाली काय आहे बघावं म्हणून, नखानं जरा खरवडलं.

दुकानदार तमिळमध्ये म्हणाला, “सार, सायकल घ्यायचीय का गहाण ठेवून घ्यायचीय?”

पहिली उचलली, हलकी. ठेवली. दुसरी, तिसरी, तशाच. चौथी उचलली आणि कमरेत चमक भरली. माझ्या तोंडावर हसू आलं. पुढं दोन स्प्रिंगा, मागं मनगटाएवढी एक, टायर बैलगाडीला शोभतील असे, गिअर अठरा. बाकीच्या तिघी याच किमतीच्या आणि ही त्यांच्या दीडपट वजनाची! एवढ्या पैशांत एवढा माल कुणी देतं का? म्हटलं, दुकानदाराला कळत नाहीये, आपण बोलायचं नाही. मी पैसे दिले. दुकानदारानं सायकल स्वतः पुसून दिली, रस्त्यापर्यंत सोडायला आला, वर एक घंटी फुकट बसवली. तेव्हासुद्धा माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

घरी आणली. बाईंनी चष्मा लावला, सायकलभोवती एक फेरी मारली, मग दांडीला धरून उचलायला गेल्या. सायकल जागची हलली नाही.

“हें सायकल का अम्मी?” अम्मी म्हणजे वाटायचा पाटा.

“बाई, भरीव आहे. मी तोलून घेतलीय.”

“तोलून?”

“चारही तोलल्या. ही सगळ्यांत जड निघाली.”

बाई माझ्याकडं बघत राहिल्या. नववीच्या बाई बघायच्या तशाच. मग शांतपणे म्हणाल्या, “पावसांत भुयारी रस्ता भरतो, ठाऊक आहे कीं?”

ठाऊक होतं. शेड रुळांच्या पलीकडच्या अंगाला, आणि मांबलमहून पलीकडं जायला रुळांखालून रस्ता आहे. जोराचा पाऊस झाला की त्यात पाणी साचतं.

“मग त्या दिवशीं स्टेशनचा पूल. जिना चढून, सायकल खांद्यावर. चल, दाखीव मला.”

संध्याकाळची वेळ. बाई छत्री टेकवून जिन्याच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या. मी सायकल खांद्यावर घेतली. पहिल्या दहा पायऱ्या अब्रूसाठी चढलो. पुढच्या पाच बाईंच्या धाकानं. सोळाव्या पायरीवर खोकला आला, आणि त्याच क्षणी वरून गाडीची सगळी गर्दी उतरायला लागली. मी कठड्याला टेकलो, सायकल माझ्यावर टेकली. तिचं मागचं चाक जिन्यात आडवं.

“यो, वाट सोड!”

“ह्या सायकलीचं तिकीट काढलंय का?”

“वर डोंगर आहे असं कुणी सांगितलं हो ह्याला?”

भाजीची पिशवी घेतलेल्या एका आजोबांनी माझ्या मागच्या स्प्रिंगेवर हात टेकून श्वास घेतला आणि आभार मानून गेले. मला वाटलं, एक तारीख इथंच, ह्या सोळाव्या पायरीवर येणार. शेठला इथूनच निरोप पाठवावा लागणार, की मी आराम करतोय.

खालून बाईंचा आवाज आला, शिट्टीसारखा. “पोदुम! पुरे, उतर!”

मी उतरलो. बाईंनी रस्त्यावरच्या टपरीवर मला चहा पाजला. चहा अर्धा झाल्यावर म्हणाल्या, “बाळा, सोनें तूं पेटींत ठेवतोस. म्हणून जड चांगलें. हें तुला रोज ओढावयाचें आहे.”

एवढंच. एकोणीस वर्षांचं माझं शिक्षण त्या टपरीवर चहाच्या ग्लासात विरघळलं.

रविवारी आम्ही दुकानात गेलो. सायकल मी ढकलत, बाई पुढं. दुकानदार मला बघून एकदम कामात दिसायला लागला. “विकलेला माल परत घेत नाही, सार,” असं म्हणत होता तेवढ्यात गल्ल्यावर बसलेली त्याची बायको खाडकन उभी राहिली. हात सरळ, टाचा जुळलेल्या. “टीचर!”

माझे पाय का जुळतात ते मला त्या दिवशी कळलं. मद्रासच्या निम्म्या बायकांचे जुळत असणार.

मग बाईंनी सायकल निवडली. आधी मला दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभं केलं, दांडी अंगाला लागत नाही ना ते बघितलं. मग सीटवर बसवून टाच पायडलवर ठेवायला सांगितली. पाय सरळ होईपर्यंत दुकानदाराकडून सीट वर घेतली. टायर मधोमध गुळगुळीत, कडेला दात. “मध्यें डांबरासाठी, कडेला तुझ्या म्हशींसाठी.” स्प्रिंग एकही नाही. “स्वस्तांतली स्प्रिंग म्हणजे नुसतें लोखंड, तूं जोर लावशील तो तीच खाईल.” गिअर अठरा नकोत, पाच पोदुम. शेवटी म्हणाल्या, “आतां एका हातानें उचल.”

उचलली. आदल्या दिवशी मी हलकी म्हणून बाजूला ठेवलेल्या तिघींतलीच ती एक होती. तळहात म्हणत होता, खोटी आहे, परत कर. मी पहिल्यांदा तळहाताचं ऐकलं नाही. दुकानदारानं बायकोकडं बघत सायकल बदलून दिली. फुकटची घंटीही काढून हिच्यावर बसवली. दांडीवर माझ्या नखाचा ओरखडा होता, म्हणून बाईंनी थोडी सूटही मागितली. ती मात्र त्यानं दिली नाही. म्हणाला, “ओरखडा ह्यांचाच आहे, टीचर.”

एक तारखेला मी साडेचारला उठलो. घाबरून खरं तर तीनलाच उठलो होतो. बाईंच्या घरात दिवा लागलेला होता, पण त्या बाहेर आल्या नाहीत. शेडवर पोचलो तेव्हा सहाला वीस मिनिटं कमी होती. कोळसा रचला, भाता चालवला. शेठ स्कूटरवरून आले तेव्हा मूस लाल झाली होती. त्यांनी भट्टीकडं बघितलं, मग सायकलीकडं, मग सायकल एका हातानं उचलून तोलली.

“लई हलकी हाय की रं. फसवलं तुला.”

“व्हय, शेठ,” मी म्हणालो.

ह्याला चार वर्षं होत आली. भट्टी माझ्याकडंच आहे. खोकलाही हल्ली मला विसरतो मधून मधून. पावसाळ्यात किती तरी वेळा सायकल खांद्यावर घेऊन स्टेशनचा पूल चढलो. सोळाव्या पायरीवर अजून नकळत श्वास धरतो.

त्या एक तारखेच्या संध्याकाळी बाई दारात बसल्या होत्या. सायकलीवरून हात फिरवून म्हणाल्या, “मला बसीव कीं एकदां मागें. किती दिवस झाले, वारें लागलें नाही तोंडाला.” डोंगरी सायकलीला मागं कॅरिअर नसतो. मी म्हणालो, “बसवून घेतो, बाई.” आणि चार वर्षं नुसतं तेच म्हणत आलोय. कधी पाऊस, कधी काम. खरं कारण भीती. बाईंना पाडलं तर गल्ली मला ठेवणार नाही, आणि कोलमवाल्या मामी तर टपूनच बसल्यात.

पण बाई आता काठी घेऊन चालतात आणि दिवसेंदिवस बारीक होत चालल्यात. म्हणून इथं लिहून ठेवतो, म्हणजे मला पळता येणार नाही. कॅरिअर बसवणार, त्यावर उशी बांधणार, आणि एका पहाटे, मामी कोलम काढायच्या आधी, बाईंना घेऊन दारापासून मांबलम स्टेशनच्या जिन्यापर्यंत जाऊन परत येणार. सगळ्यांत हलक्या गिअरवर, चाकाकडं न बघता.