न गोठलेला मध

इंग्रजांच्या काळात, दर हिवाळ्यात धारणीकडून एक मधवाला अमरावतीत आमच्या गल्लीत यायचा. नाव कधी विचारलं नाही. ओट्यापाशी उकिडवा बसून तो प्रत्येकाच्या तळहातावर बोटभर मध ठेवायचा. थंडीने मध रव्यासारखा गोठलेला असे.

"साखर घातलीस," आम्ही म्हणायचो.

"खरा हाय म्हनून गोठते जी," तो थकून सांगायचा.

ऐकतो कोण? मीसुद्धा दुकानातल्या पातळ, चकचकीत मधाची बाटलीच आणायचो.

एकदा डब्याला झाकण लावत तो म्हणाला, "बरं. तुमाले पायजे तसाच आनतो."

पुढल्या हिवाळ्यात त्याचा मध गोठला नाही. काकवीचा वास येत होता. या वेळी त्याने कुणाला चाखायला दिला नाही. अख्ख्या गल्लीने शुद्ध म्हणून घेतला. मीही.