चौथं हर्डल

ती शंभर मीटर हर्डल्समध्ये सलग तीन वर्षं राज्यात पहिली आली आणि तिन्ही वर्षं मी तिच्यावर एकाच गोष्टीवरून ओरडलो. मी परळच्या शाळेत पीटीचा मास्तर. ती माझ्याकडे सातवीपासून. तिचा मागचा पाय हर्डलला घासायचा. हर्डल पडलं तरी शर्यतीत चालतं, पण वेळ जातो.

"हर्डल काय तुझ्या आत्याचं आहे, येता-जाता लाथ मारायला?"

"पडलं तर पडलं ना सर! पहिली तर आले!"

तिची आई लालबागच्या चाळीतली, मालवणकडची. ती हर्डलला उंबरोच, म्हणजे उंबरठाच म्हणायची. "घरात उंबऱ्यार पाय ठेवणा नाय, नि थंय जाऊन लाथो मारता," असं म्हणून हसायची.

हर्डलचे पाय धावणाऱ्याच्या बाजूला असतात, म्हणून धक्का लागला की ते पुढे पडतं. उलटं लावलं तर पडत नाही, भिंतीसारखं उभं राहतं. आमच्या वेळचे मास्तर पाय उचलायची सवय लागावी म्हणून एखादं उलटं लावायचे. पण पोराला सांगून.

मी सांगितलं नाही. राष्ट्रीय स्पर्धेला आठ दिवस होते. सकाळी ती वॉर्मअप करत होती तेव्हा मी चौथं हर्डल फिरवून ठेवलं. भीती बसली की पाय वर येईल, एवढंच डोक्यात होतं.

पाय वर आला नाही. गुडघा आडव्या फळीवर आदळला आणि ती तोंडावर पडली. तो आवाज मला आजही नीट सांगता येत नाही.

मैदानात आम्ही दोघंच होतो. मी धावलो. आधी हर्डलकडे. ते सरळ केलं, आडवं पाडलं, आणि मग तिच्याकडे गेलो.

"काय झालं सर?" ती मातीत तोंड खुपसून विचारत होती.

"पाऊल चुकलं तुझं," मी म्हणालो.

दोन ऑपरेशनं झाली. ती पुन्हा हर्डलवरून गेली नाही. पदकांच्या जोरावर सरकारी नोकरी लागली, अँटॉप हिलला क्वार्टर मिळालं. लोक म्हणायचे, नशीब काढलं पोरीने. मीही मान डोलवायचो.

गेल्या महिन्यात ती तिच्या मुलीला घेऊन मैदानावर आली होती. पोरांना म्हणाली, "पावलं मोजा रे. दोन हर्डलच्या मध्ये तीन. माझं एक पाऊल चुकलं आणि सगळं गेलं." मी शिट्टी हातात घेऊन शेजारीच उभा होतो. त्यानंतर मला झोप लागेना.

रविवारी तिच्या घरी गेलो. तिने चहा ठेवला. कप हातात घेण्याआधीच मी सगळं सांगून टाकलं.

ती गॅसकडे वळली. मग बोटांवर पावलं मोजली. एक, दोन, तीन.

"तीनच होती," ती म्हणाली. "मला आठवत होतं. पण तुम्ही म्हणालात म्हणून... आई जाईपर्यंत म्हणत होती, उंबऱ्याक लाथ मारलंस म्हणून झाला. मी म्हणायचे, नाही गं आई, पाऊल चुकलं माझं."

मी माफी मागायला तोंड उघडलं. तिने हातानेच थांबवलं.

"माझ्याकडे यायच्या आधी ते सरळ केलंत?"

"हो."

"किती वेळ लागला?"

मला खोटं बोलता आलं असतं. "दोन सेकंद असतील. फार तर तीन."

"तेवढ्यात मी सहावं पार केलं असतं," ती म्हणाली, आणि उतू चाललेल्या चहाखालचा गॅस बंद केला. कप तिने भरलेच नाहीत.