शिंप्याशी कोण बोलणार

दोन हजार चार-पाचच्या सुमारास मी सौदीतल्या ताइफ शहरात एका खासगी कॉलेजात टायपिस्ट होतो. गावी वकिलीची परीक्षा दिली होती, म्हणून पुण्याहून आलेल्या प्रोफेसरसाहेबांनी आपल्या पुस्तकाचं काम माझ्या गळ्यात घातलं. कायद्याच्या कॉलेजांत अर्थशास्त्र कसं शिरलं, त्याचा तो इतिहास.

तिसऱ्या प्रकरणात इंग्लंडमधला एक जुना खटला होता. मिठाईवाल्याच्या खलबत्त्याचा आवाज शेजारच्या डॉक्टरला रोगी तपासू देईना. कोर्टाने मिठाईवाल्याला थांबवलं. पुढे एका अर्थशास्त्रज्ञाने विचारलं, आवाज बंद केला तर मिठाईवाल्याचं नुकसान नाही का? बोलणी करायला अडचण नसेल, तर हक्क कोणालाही द्या, दोघं कमी नुकसानीची वाट काढतातच. यावर नवा विषय उभा राहिला. साहेब हे अशा थाटात सांगायचे, जणू त्यांनाच सुचलं होतं.

त्यांच्या फ्लॅटखाली श्रीवर्धनकडचे एक चाचा अरबांचे पायघोळ झगे शिवायचे. मशीनची घरघर वर यायची. नेमकं हेच प्रकरण लिहिताना साहेब वैतागले. मी चाचांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, दुपारभर मशीन बंद ठेवतो. नाहीतर मागच्या खोलीत नेतो, तिथे सायबांनी एक पंखा तेवढा लावून द्यावा. मी निरोप वर नेला.

"शिंप्याशी मी वाटाघाटी करू?" साहेब म्हणाले. "इमारतीच्या मालकाला अर्ज टाइप करा."

मी केला. माझा इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, कॉलेजच्या हातात आहे, असं कारण मी स्वतःला दिलं. खरं म्हणजे नाही म्हणायचं मला सुचलंच नाही.

आठवड्यात दुकान खाली झालं. चाचा गावाबाहेर ट्रकच्या अड्ड्यापाशी गेले. तिथे लोक टायर बदलायला येत, झगे शिवायला नाही. इकडे साहेबांनी शांततेत प्रकरण संपवलं आणि कॉलेजात त्यावर तासभर भाषण ठोकलं. वाटाघाटी हा शब्द इतक्या वेळा आला की मी मोजणं सोडलं. नंतर त्यांनी विचारलं, कसं झालं? छान झालं सर, असं मीच म्हणालो.

पुढच्या शुक्रवारी चाचांकडे गेलो. साहेबांचं पुस्तक पुरं झालं का, त्यांनी मनापासून विचारलं. झालं, म्हटलं.

"मग बरा झाला," चाचा म्हणाले, आणि खाली वाकून कॉलरला टाके घालू लागले.